वाचकांची शंका, आमचे उत्तर : एक पांढरा पट्टा आणि शेकडो आडनावे

कादंबरीकार जोसेफ कॉनरॅड यांच्यावर आलेल्या लेखात त्यांच्या वडिलांचे नाव ‘अपोलो नावेन्च कोझेन्योफस्की’ असे छापले होते. त्यातल्या मधल्या शब्दाबद्दल बऱ्याच वाचकांनी पत्रे पाठवली आहेत. प्रश्न एकमेकांना लागून असल्याने या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : आपल्याकडे नाव आणि आडनाव यांच्यामध्ये वडिलांचे नाव येते. ‘नावेन्च’ हे अपोलो यांच्या वडिलांचे नाव होते का? की राव, बहाद्दूर यांसारखा तो एखादा किताब आहे? (पुणे)

उत्तर : दोन्ही नाही. अपोलो यांच्या वडिलांचे नाव तेओदोर. नावेन्च हे पोलंडमधील एका जुन्या कुलचिन्हाचे नाव आहे. हे चिन्ह वापरण्याचा हक्क असलेल्या घराण्यांतील काही माणसे, विशेषतः एकोणिसाव्या शतकात, आडनावाच्या आधी ते नाव लावू लागली. एकाच आडनावाची वेगवेगळी घराणी वेगवेगळी चिन्हे वापरत, त्यामुळे आपण कोणत्या चिन्हाचे कोझेन्योफस्की हे सांगण्याची ती सोय होती.

चिन्ह अगदी साधे आहे. तांबड्या ढालीवर डोक्याला बांधायचा एक पांढरा पट्टा गोल वळवलेला असतो, त्याची गाठ खालच्या बाजूला येते आणि दोन्ही टोके मोकळी लोंबत राहतात. ढालीवर शिरस्त्राण, त्यावर मुकुट आणि मुकुटातून वर आलेली तांबड्या वस्त्रातील तरुणी अशी वरची मांडणी असते. तरुणीच्या डोक्यालाही तसाच पट्टा बांधलेला असतो आणि तिने दोन्ही हातांनी हरणाची शिंगे धरलेली असतात. पांढऱ्याऐवजी चंदेरी रंग दिसला तर गोंधळून जाऊ नये, कारण कुलचिन्हशास्त्रात हे दोन्ही एकच मानले जातात.

इंग्लंड किंवा फ्रान्समधील कुलचिन्हांशी ओळख असलेल्या वाचकाला यात एक गोष्ट निराळी वाटेल. तिकडे चिन्हाला स्वतःचे नाव नसते. ते अमक्या सरदाराचे चिन्ह असते, आणि धाकट्या मुलांनी, शाखांनी त्यात एखादी खूण वाढवून आपले वेगळेपण दाखवायचे असते. पोलंडमध्ये चिन्हालाच नाव आहे, ते नाव बहुधा रणांगणावरील जुन्या आरोळीवरून किंवा गावावरून पडले आहे, आणि थोरल्या-धाकट्या सर्व शाखा तेच चिन्ह जसेच्या तसे वापरतात. पोलिश भाषेत अशा चिन्हाला ‘हेर्ब’ म्हणतात.

प्रश्न : एकच चिन्ह शेकडो आडनावांचे कसे असू शकते? ही सारी मंडळी एकमेकांची भाऊबंद होती काय? आपल्याकडील कुळी आणि देवक यांच्याशी याची तुलना करता येईल का? (सातारा)

उत्तर : तुलना थोड्या अंतरापर्यंत चालते. निरनिराळ्या आडनावांची घराणी एका देवकाखाली येतात, तशीच पोलंडमध्ये निरनिराळ्या आडनावांची घराणी एका हेर्बखाली येतात. परंतु देवक लग्नसंबंध ठरवताना पाहिले जाते आणि समान देवक असल्यास सोयरीक टाळली जाते. हेर्बचे तसे काही बंधन नव्हते. नावेन्चच्या मुलीने नावेन्चच्या मुलाशी लग्न करण्यास चिन्हामुळे आडकाठी येत नसे. शिवाय देवकाची पूजा होते, हेर्बची होत नाही. ते ढालीवर, मोहरेवर, थडग्यावर आणि वाड्याच्या दरवाजावर कोरायचे चिन्ह होते.

भाऊबंदकीविषयी म्हणाल, तर मुळाशी ती होती. तेराव्या-चौदाव्या शतकात व्येल्कोपोल्स्का म्हणजे पोझनान-ग्न्येझ्नोच्या परिसरात नावेन्च ही एक बलाढ्य कुळी होती आणि तिच्यातील माणसांना अजून स्थिर आडनावे नव्हती. माणूस आपल्या गावावरून ओळखला जाई. पुढे पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत ही गावांवरून पडलेली नावे घट्ट झाली. चार्नकुफचे धनी ते चार्नकोफस्की, ओस्त्रोरुगचे धनी ते ओस्त्रोरुग, राचिन गावचे ते राचिन्स्की. अशा रीतीने आडनावे फुटत गेली आणि चिन्ह मात्र एकच राहिले.

पण पुढे या मूळ झाडाला बाहेरच्या फांद्याही जोडल्या गेल्या. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २ ऑक्टोबर १४१३ रोजी होरोद्वो येथे घडले. पोलंड आणि लिथुआनिया यांच्यातील करार पक्का करताना पोलंडच्या ४७ कुळ्यांनी तितक्याच लिथुआनियन सरदारांना आपापली चिन्हे दिली. त्या ४७ कुळ्यांमध्ये नावेन्चही होती. त्या दिवसापासून एक लिथुआनियन सरदार आणि त्याचे वंशज नावेन्चचे झाले. रक्ताचा थेंबभरही संबंध नसताना ते कायद्याने भाऊबंद ठरले. खाजगी रीतीनेही एखादा सरदार विश्वासू माणसाला आपले चिन्ह देत असे. सतराव्या शतकात कायद्याने ही वाट बंद केली.

तिसरी वाट सरळ लबाडीची होती, आणि ती मोठी रहदारीची असावी. पोलंडमध्ये कुलचिन्हांची नोंद ठेवणारी, खरे-खोटे ठरवणारी राजसंस्था नव्हती. उमराव असण्याचे फायदे मात्र भरघोस होते : जमीन धारण करण्याचा हक्क, करांतील सवलती, आणि १५७३पासून राजा निवडताना स्वतः हजर राहून मत देण्याचा अधिकार. या वर्गाला ‘श्लाख्ता’ म्हणत आणि लोकसंख्येतील त्याचे प्रमाण साधारण ८ ते १० टक्के होते. युरोपच्या मानाने हे फारच मोठे. त्यात हजारो एकरांचे धनी होते आणि स्वतःच्या हाताने नांगर धरणारेही होते. तरी आपल्या कुंपणातला उमराव प्रांताधिपतीच्या बरोबरीचा, अशा अर्थाची पोलिश म्हण आजही ऐकू येते. अशा वेळी सधन शेतकऱ्याचा किंवा व्यापाऱ्याचा मुलगा दूरच्या प्रांतात जाऊन ‘-स्की’ने संपणारे आडनाव घेई आणि एखाद्या प्रसिद्ध हेर्बच्या आसऱ्याला जाई. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात वालेरियान नेकांदा त्रेप्का नावाच्या उमरावाने अशा तोतयांची यादीच करायला घेतली. तीत सुमारे २,५०० नावे आहेत. त्याचा सूर द्वेषाचा आहे आणि त्याची प्रत्येक नोंद खरी मानता येणार नाही, परंतु असे करावेसे त्याला वाटले यातच त्या काळची परिस्थिती कळते.

कोणी ‘तू उमराव नाहीस’ असा आरोप केलाच, तर प्रकरण न्यायालयात जाई. आरोप झालेल्या माणसाला साक्षीदार उभे करावे लागत, सहसा सहा : काही स्वतःच्या कुळीचे, काही आईच्या आणि काही आजीच्या माहेरच्या कुळीचे. त्यांनी शपथेवर सांगायचे की हा आमचा. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या न्यायालयीन वह्यांत अशा साक्षी उतरवून ठेवल्या आहेत. कुळ्यांच्या आरोळ्या आणि चिन्हांची वर्णने यांचा जुना पुरावा बहुतांशी तिथेच सापडतो. सोळाव्या शतकात बार्तोश पाप्रोत्स्की आणि अठराव्या शतकात कास्पेर न्येशेत्स्की यांनी रचलेले जाडजूड वंशग्रंथ चाळायला सुरस आहेत. मात्र साक्षीदाराच्या शपथेचे मोल त्यांना नाही.

तात्पर्य, दोन माणसांचे हेर्ब एक निघाले म्हणून त्यांचा पूर्वज एक होता असे म्हणता येत नाही. नावेन्चच्या छत्राखाली पुढे नोंदली गेलेली शेकडो आडनावे ही वंशवृक्षापेक्षा एखाद्या पक्षासारखी समजणे जास्त बरोबर, असे माझे मत आहे.

प्रश्न : नावेन्च कुळीने राजाचा खून केला आणि म्हणून तिला तांबडी वस्त्रे वापरण्याची बंदी झाली, असे वाचले. दुसरीकडे हीच कुळी पोलंडच्या पहिल्या बाप्तिस्म्याशी जोडली जाते. यातले खरे काय? (नागपूर)

उत्तर : बाप्तिस्म्याची कथा आधी उरकून टाकू. पोलंडचा अधिपती म्येश्को पहिला याने इ. स. ९६६ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याच वेळी चार्नकुफच्या एका सरदाराने बाप्तिस्मा घेतला आणि त्या प्रसंगी डोक्याला बांधलेला पट्टा त्याच्या कुळीचे चिन्ह झाला, अशी ती कथा आहे. कुलचिन्हांची प्रथा पश्चिम युरोपातच बाराव्या शतकात सुरू झाली आणि पोलंडमध्ये ती तेराव्या शतकात रुजली. त्यामुळे ९६६ मध्ये कोणाला चिन्ह मिळाले असण्याचा संभव नाही. चिन्ह आधी आले आणि त्याला साजेशी गोष्ट नंतर जुळवली गेली. जवळजवळ प्रत्येक पोलिश हेर्बची अशी एक गोष्ट आहे.

राजहत्येचे प्रकरण मात्र गंभीर आहे आणि सविस्तर सांगण्यासारखे आहे. पोलंडला दोनशे वर्षांहून अधिक काळ राजमुकुट नव्हता आणि देश तुकड्यातुकड्यांत विभागलेला होता. २६ जून १२९५ रोजी व्येल्कोपोल्स्काचा अधिपती प्शेमिस्ल दुसरा याचा ग्न्येझ्नो येथे राज्याभिषेक झाला. आठ महिनेही झाले नाहीत तोच, ८ फेब्रुवारी १२९६ रोजी, पोझनानच्या उत्तरेस असलेल्या रोगोझ्नो गावाजवळ तो मारला गेला. उपवासकाळापूर्वीच्या सणासाठी तो तिथे थांबला होता, पहाटे हल्ला झाला, त्याला पळवून नेण्याचा बेत होता आणि जखमांमुळे नेणे अशक्य झाल्यावर त्याला ठार करण्यात आले, असे वृत्तान्तांतून दिसते. मुख्य संशय ब्रांडेनबुर्गच्या जर्मन राजघराण्यावर आहे. राजाची पत्नी मार्गारेटा त्याच घराण्यातली होती, आणि शेजारी बळकट पोलिश राजा असणे त्या घराण्याला परवडणारे नव्हते. काही पोलिश वृत्तान्तांत मात्र नावेन्च आणि झारेंबा या दोन स्थानिक कुळ्यांची नावे येतात. परक्यांनी हल्ला केला, पण घरभेद्यांनी वाट दाखवली, असा त्याचा आशय. इतिहासकारांत यावर अजून एकमत नाही.

शिक्षेची दंतकथा याच आरोपावर उभी आहे. नावेन्चच्या माणसांनी किरमिजी-तांबडे कापड अंगावर घालू नये आणि लढाईत इतर सरदारांच्या रांगेत उभे राहू नये, आणि ही बंदी चौदाव्या शतकात राजा काझिमिएझ महान याच्या काळापर्यंत टिकली, असे सांगतात. कथा रंगतदार आहे, परंतु ती पचत नाही. ज्या कुळीची ढालच तांबडी आणि शिरस्त्राणावरची तरुणीही तांबड्या वस्त्रातली, तिच्या बाबतीत हीच बंदी निघावी, हा योगायोग जरा जास्तच नेटका वाटतो. त्याहून वजनदार मुद्दा कागदपत्रांचा आहे. बंदीच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या काळातच या कुळीचा विन्त्सेंती हा शामोतुवीचा धनी पोझनानचा वोयेवोदा, म्हणजे प्रांताधिपती होता, आणि पुढे संपूर्ण व्येल्कोपोल्स्कावर राजाचा प्रतिनिधी म्हणूनही नेमला गेला. राजद्रोही ठरवलेल्या कुळीच्या माणसाच्या हाती राजाने प्रांत सोपवला असता, असे मानणे कठीण आहे.

पण गंमत अशी की हाच विन्त्सेंती पुढे खरोखरच राजद्रोहाच्या आरोपात सापडला. १३३१ मध्ये राजा व्वादिस्वाफ याने त्याचे अधिकार काढून आपल्या मुलाला दिले. हा मुलगा म्हणजेच पुढचा काझिमिएझ महान. दुखावलेल्या विन्त्सेंतीने ट्यूटॉनिक या जर्मन लढवय्या धर्मसंघाशी संधान बांधले असे म्हणतात. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला प्वोफ्त्से येथे पोलिश सैन्य आणि धर्मसंघ यांची मोठी लढाई झाली आणि पुढल्या वर्षी विन्त्सेंती मारला गेला. ‘नावेन्च म्हणजे गद्दार’ ही प्रतिमा घडण्यात रोगोझ्नोच्या जोडीला या प्रकरणाचाही हात असावा, असे मला वाटते. दोन पिढ्यांतल्या दोन घटनांची लोकस्मृतीत सरमिसळ होणे नवे नाही.

कुळी रक्तपातापासून दूर होती असे मात्र कोणी समजू नये. सप्टेंबर १३८२ मध्ये पोलंडचा राजा लुई याला मुलगा नसताना मृत्यू आला आणि गादीवर कोणाला बसवायचे यावरून व्येल्कोपोल्स्कात उघड युद्ध पेटले. प्रांतावरील राजप्रतिनिधी दोमारात हा ग्झिमावा कुळीचा होता. तो लुईचा होणारा जावई झिगिस्मुंड याच्या बाजूने उभा राहिला. त्याला हटवण्याची मागणी करणाऱ्यांच्या अग्रभागी नावेन्चची मंडळी होती, त्यांत शामोतुवीचा सेंजिवुय श्फिद्वा प्रमुख, आणि त्यांचा कल माझोव्हिया या पोलिश प्रांताचा राजपुत्र शेमोवित याच्याकडे होता. गावे जाळली गेली, गुरे हाकून नेली गेली, गढ्यांना वेढे पडले. पोलंडच्या इतिहासात हे ‘ग्झिमावा आणि नावेन्च यांचे युद्ध’ म्हणूनच नोंदले आहे. यांको चार्नकुफकर या समकालीन बखरकाराने ते तपशिलाने लिहून ठेवले आहे आणि त्याचा राग दोमारातवर आहे हे लपत नाही. ऑक्टोबर १३८४ मध्ये लुईची धाकटी मुलगी यादविगा हिला क्राकुफमध्ये राज्याभिषेक झाला, तेव्हा दोन्ही बाजूंचे उमेदवार बाजूला पडले आणि पुढच्या वर्षभरात युद्ध विझले.

प्रश्न : या चिन्हाची कोणती घराणी विशेष नावारूपाला आली? कॉनरॅड वगळता एकाही नावाची आम्हाला ओळख नाही. (नाशिक)

उत्तर : आडनावे शेकड्यांनी असली तरी इतिहासात वारंवार भेटणारी पाच-सहाच आहेत.

ओस्त्रोरुग घराण्यातील यान ओस्त्रोरुग (१४३६ ते १५०१) हा पोझनानचा वोयेवोदा आणि कायद्याचा पंडित होता. राज्यव्यवस्थेच्या सुधारणेवर त्याने लॅटिनमध्ये निबंध लिहिला. पोलंडच्या राजाने लौकिक बाबतीत पोपची ताबेदारी मानू नये आणि देशात सर्वांना एकच कायदा असावा, हे त्यात आहे. पंधराव्या शतकातील सरदाराच्या लेखणीतून हे यावे याचे आजही नवल वाटते. ओस्त्रोरुग गावाच्या नगरचिन्हात पांढरा पट्टा अजून आहे.

चार्नकोफस्की घराण्याचे नाव एका मुलीमुळे व्हर्सायपर्यंत पोहोचले. झोफिया चार्नकोफस्का हिची मुलगी कातार्झिना ओपालिन्स्का ही पोलंडचा राजा स्तानिस्वाफ लेश्चिन्स्की याची राणी झाली, आणि कातार्झिनाची मुलगी मारी हिचे लग्न १७२५ मध्ये फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्याशी झाले. म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीत ज्याचा शिरच्छेद झाला तो सोळावा लुई झोफियाच्या नातीचा नातू होता. अर्थात चिन्ह बापाकडून मुलाकडे जाते, त्यामुळे नावेन्चचा पट्टा व्हर्सायच्या भिंतीवर शोधू नये.

मावाखोफस्की घराण्यातील स्तानिस्वाफ मावाखोफस्की (१७३६ ते १८०९) हे १७८८ ते १७९२ या काळात चाललेल्या ऐतिहासिक संसदेचे अध्यक्ष होते. याच संसदेने ३ मे १७९१ रोजी युरोपातील पहिली लिखित आधुनिक राज्यघटना संमत केली. मला त्यांच्या चरित्रात त्याआधीचा एक प्रसंग अधिक बोलका वाटतो. शहरात राहून व्यापार-उदीम करणे उमरावाला कमीपणाचे मानले जाई, इतकेच नव्हे तर पूर्वी त्याने उमरावपण जाई. एप्रिल १७९१ मध्ये शहरांविषयीचा नवा कायदा होऊन उमरावांना शहरवासी म्हणून नाव नोंदवण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतर काही दिवसांतच मावाखोफस्की वॉर्सॉच्या नगरसभागृहात गेले आणि शहरवासीयांच्या वहीत त्यांनी आपले नाव घातले. त्यांच्या मागोमाग इतर उमरावांनीही तेच केले. याच घराण्यातील, याच नावाच्या दुसऱ्या एका गृहस्थांनी लुब्लिनजवळ जहागीर घेऊन तिथे वाडा बांधला आणि गावाला कुलचिन्हावरून नावेन्चुफ असे नाव दिले. पुढे ते गाव आरोग्यधाम म्हणून प्रसिद्धीस आले. पोलंडमधील दुकानांत त्या गावाच्या नावाने बाटलीबंद पाणी मिळते. ते पिणाऱ्यांपैकी कितीजणांना हेर्ब आठवत असेल, कोण जाणे.

राचिन्स्की घराण्यावर स्वतंत्र लेख व्हावा. एडवर्ड राचिन्स्की (१७८६ ते १८४५) यांनी प्रशिया या जर्मन राज्याच्या अमलाखालील पोझनानमध्ये १८२९ साली सार्वजनिक ग्रंथालय उघडले. त्याच्या दर्शनी भागावरील २४ कोरिंथियन खांब पाहायला आजही लोक थांबतात. याच एडवर्ड यांनी पोझनानच्या कॅथेड्रलमध्ये पोलंडच्या पहिल्या दोन राज्यकर्त्यांच्या मूर्ती उभारल्या. मूर्तीखाली आपले नाव देणगीदार म्हणून कोरल्यावर, हा पैसा तर लोकवर्गणीतला, अशी जाहीर टीका झाली. मानी माणूस. त्याने कोरलेला मजकूर काढून टाकला आणि जानेवारी १८४५ मध्ये आपल्या जहागिरीतील तळ्यातल्या बेटावर छोट्या तोफेच्या तोंडी स्वतःला संपवले. धाकटे बंधू आतानाझी यांनी बर्लिनमध्ये चित्रसंग्रहासाठी वाडा बांधला होता. तो पाडून त्या जागेवर जर्मनीचे संसदभवन उभे राहिले. संग्रह मात्र वाचला आणि तो आता पोझनानमध्ये आहे.

विसाव्या शतकातील एडवर्ड बेर्नार्ड राचिन्स्की (१८९१ ते १९९३) दुसऱ्या महायुद्धात लंडनमधील पोलंडचे राजदूत होते आणि निर्वासित, म्हणजे परदेशातून चालणाऱ्या, पोलिश सरकारचे परराष्ट्रखातेही सांभाळत होते. जर्मनव्याप्त पोलंडमध्ये ज्यूंचा पद्धतशीर संहार चालू आहे, हे मित्रराष्ट्रांच्या सरकारांना अधिकृतपणे कळवणारे १० डिसेंबर १९४२चे निवेदन त्यांच्या सहीचे आहे. पुढे १९७९ ते १९८६ ते याच निर्वासित सरकारचे राष्ट्राध्यक्ष होते. पोझनानजवळील रोगालिन या घराण्याच्या गावीच त्यांचे दफन झाले.

कोझेन्योफस्की या सर्वांच्या तुलनेत सामान्य. आजच्या युक्रेनमधील प्रदेशात राहणारे, रशियाविरुद्धच्या उठावांत जमीनजुमला गमावलेले हे घराणे. अपोलो कवी आणि भाषांतरकार होते. १८६१ मध्ये वॉर्सॉत त्यांना अटक झाली आणि पत्नी व चार वर्षांच्या मुलासह त्यांना उत्तर रशियातील व्होलोग्दा येथे हद्दपार करण्यात आले. हा मुलगा म्हणजे पुढचा जोसेफ कॉनरॅड. तो इंग्रजी व्यापारी जहाजांवर चाकरी करत असताना १८८४ मध्ये मद्रासला एक जहाज सोडून मुंबईस आला आणि ‘नार्सिसस’ या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून रुजू होऊन मुंबईहून डंकर्कला गेला. त्या सफरीवरची त्याची कादंबरी १८९७ मध्ये निघाली. १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारने देऊ केलेली ‘सर’ ही पदवी त्याने नाकारली. जन्माने पोलिश उमराव असलेल्याला तिची मातब्बरी वाटली नसावी, असा अर्थ अनेक चरित्रकार लावतात. कॅंटरबरी येथील त्याच्या थडग्यावर आडनाव कोझेन्योफस्की असेच आहे, मात्र नावांचे स्पेलिंग इंग्रज पाथरवटाने चुकवून ठेवले आहे.

प्रश्न : महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तेथील बहुतेकांची आडनावे ‘-स्की’ने संपणारी होती, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगत. ते सगळे उमराव घराण्यांतील होते का? (कोल्हापूर)

उत्तर : नव्हते. ‘-स्की’ हा प्रत्यय आरंभी जमीनदारांच्या गावांवरून पडलेल्या नावांना लागत असे हे खरे, परंतु पुढे शेतकरी, कारागीर, शहरवासी अशा सर्वांनी तशी नावे घेतली. आपल्याकडे ‘-कर’ लावणारा प्रत्येकजण त्या गावचा इनामदार नसतो, इतकेच. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली. त्यांत मुख्यतः बायका आणि मुले होती. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलेली ही कुटुंबे होती. त्यांत शेतकऱ्यांची, सैनिकांची, सरकारी नोकरांची, शिक्षकांची अशी सर्व थरांतील घरे होती. पूर्वेकडील प्रांतांत गरीब श्लाख्ता दाटीने वसलेली असल्याने काहींचे हेर्ब असणारही. पण आडनावावरून ते ठरत नाही.

प्रश्न : माझी सून पोलिश आहे. तिचे माहेरचे आडनाव नावेन्च चिन्हाच्या एका यादीत सापडले. हे चिन्ह छापून, चौकट करून तिच्या वाढदिवसाला द्यावे असा विचार आहे. कायद्याची काही अडचण येईल का? आणि ते तिचेच चिन्ह आहे याची खात्री कशी करावी? (ठाणे)

उत्तर : कायद्याची अडचण नाही. १७ मार्च १९२१च्या पोलिश राज्यघटनेच्या ९६व्या कलमाने जन्मावर आधारित विशेषाधिकार, कुलचिन्हे आणि पदव्या यांना सरकारी मान्यता नाकारली. १९४४मध्ये ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या जहागिरी सरकारजमा झाल्या आणि या वर्गाचा आर्थिक पायाही गेला. आज हेर्ब ही निव्वळ खाजगी बाब आहे. कोणी अंगठीवर कोरते, कोणी भिंतीवर लावते.

खात्रीचा प्रश्न अवघड आहे. यादीत आडनाव सापडणे म्हणजे त्या आडनावाचे कोणीतरी एक घराणे ते चिन्ह वापरत होते, एवढेच सिद्ध होते. शेजारच्या गावातले त्याच आडनावाचे घर दुसऱ्या चिन्हाचे असू शकते, किंवा बिनचिन्हाचे शेतकरीही असू शकते. आडनाव टंकले की झटपट ‘तुमचे कुलचिन्ह’ काढून देणारे विक्रेते हा फरक करत नाहीत. सुरुवात सूनबाईंच्या पणजोबांचे गाव कोणते, या प्रश्नापासून करावी. गाव कळले की तेथील चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी पाहता येतात, आणि जुन्या नोंदींत उमराव असल्यास तसा शब्द नावाआधी लिहिलेला असतो. पोलंडची फाळणी होऊन त्याचे तिन्ही भाग रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया या परसत्तांकडे गेले, त्यामुळे पुढची चौकशी गाव कोणाच्या अमलाखाली होते यावर अवलंबून राहते. रशियाच्या ताब्यातील पोलंडच्या राज्यात १८३६पासून उमरावपण कागदपत्रांनी सिद्ध करून घेण्याची सक्ती होती. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गालिसियात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून अशा याद्या होत्या. यांपैकी वॉर्सॉतील बरेच दप्तर दुसऱ्या महायुद्धात जळाले, तेव्हा शोध मधेच थांबला तर तो तुमच्या प्रयत्नांचा दोष समजू नका. वाढदिवस जवळ आला असेल, तर चौकटीखाली आडनाव न छापता फक्त ‘नावेन्च’ एवढेच छापावे. सूनबाईंच्या माहेरची मंडळी आल्यावर त्यांच्याकडून गावाचे नाव विचारून घ्यावे आणि नोंदी पाहून झाल्यावरच आडनाव घालावे.